कळफलकाची पाठचिकित्सा

गेल्या आषाढात एका ‘न’ने माझी झोप उडवली.

पांझरा नदीच्या खोऱ्यातील एका बंधाऱ्यासंबंधीचे मोडी कागद मी चार वर्षांपासून देवनागरीत उतरवते आहे. आमच्या खानदेशात बंधाऱ्याच्या पाटाखाली भिजणाऱ्या शेतांच्या गटाला फड म्हणतात. कोणत्या फडाला केव्हा पाणी मिळायचे, याची पाळी ठरलेली असते आणि पाळी म्हटली की तंटाही आलाच. अशाच एका तंट्याच्या निवाड्याची नक्कल खालच्या फडातील एका वयस्कर शेतकऱ्याने माझ्याकडे मागितली. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते. त्यांच्या मंडळाला ती एका अर्जाला जोडायची होती. मी छापून दिली. महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी मूळ कागदाचे छायाचित्र उघडले, तेव्हा दिसले की त्या साली खालच्या फडाला पाणी न देण्याचे ठरले होते. माझ्या नकलेत तो ‘न’ नव्हता. मूळ कागदाने नाकारलेले पाणी माझ्या नकलेने देऊन टाकले होते.

पहिला दोष मी स्वतःलाच दिला. माझे शिक्षण बी.कॉम. अकरा वर्षे एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिले आणि बेचाळिसाव्या वर्षी रविवारच्या वर्गात मोडी शिकले. अशा माणसाला चूक सापडली की ती आपलीच वाटते. पण त्या रात्री पुढची-मागची पाने ताडून पाहिली, तर आणखीही अक्षरे गळालेली. काही ठिकाणी अक्षर दुबार पडलेले. एका जागी तर पाच शब्द तीन ओळी वर जाऊन बसलेले. मग आठवले की गेले दोन-अडीच महिने लॅपटॉप खोड्या करत होता. कर्सर मध्येच उडी मारायचा, माऊस अडखळायचा, एखादी कळ दोनदा दाबावी लागायची. मी त्याकडे जुन्या वस्तूची खोड म्हणून दुर्लक्ष केले होते.

प्रश्न आता एका ‘न’चा राहिला नव्हता. तीनशेहून अधिक पाने टंकित झाली होती. त्यांतल्या कोणत्या पानावर विश्वास ठेवायचा? हे ठरवायचे तर आधी चूक कोण करते आहे ते ठरवायला हवे होते. मी, कळ, की यंत्राच्या आतले आणखी कोणी? त्या शोधाची ही हकिगत. आपल्यापैकी बरेच जण आता लॅपटॉपवरच लिहितात, म्हणून ती सविस्तर सांगते.

चुकीच्या रूपावरून चुकीचे मूळ

धुळ्यात राहून जुन्या कागदांचा नाद करणाऱ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव टाळता येत नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही इथे उभे आहे. कागद जसा आहे तसा उतरवावा, हा या कामातला पहिला धडा. दुसरा धडा मला पाठचिकित्सेने दिला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. अशा कामात चूक नुसती खोडून भागत नाही, ती कोणत्या जातीची आहे ते पाहावे लागते. लेखनिकाने ‘घ’च्या जागी ‘ध’ लिहिला असेल, तर तो डोळ्यांनी पाहून उतरवत होता. सारख्या उच्चाराच्या अक्षरांत घोटाळा असेल, तर कोणी सांगत होते आणि तो ऐकून लिहीत होता. एकच शब्द जवळजवळच्या दोन ओळींत आला आणि मधला मजकूर गायब झाला, तर त्याची नजर पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर घसरली. चुकीचे रूपच तिचे मूळ सांगते.

माझा लॅपटॉप हाही एक लेखनिकच नव्हे काय? मी वही घेतली आणि सापडलेल्या चुका चार रकान्यांत मांडल्या : गळालेली अक्षरे, दुबार अक्षरे, भलत्या जागी गेलेला मजकूर आणि भलतेच उमटलेले अक्षर. चौथा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. ही पहिली खूण होती. हात चुकला असता तर ‘न’च्या जागी शेजारचा ‘म’ किंवा ‘व’ पडला असता. इथे अक्षर बदलत नव्हते, पडत तरी नव्हते किंवा दोनदा पडत होते.

कळ दाबल्यावर काय होते

आपण ‘न’ची कळ दाबतो तेव्हा कळफलक ‘न’ पाठवत नाही. त्याला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. कळांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. प्रत्येक कळ एका आडव्या आणि एका उभ्या तारेच्या फुलीवर बसलेली असते. एक छोटा नियंत्रक या तारा सेकंदाला अनेकदा चाचपतो आणि कोणती फुली जुळली ते पाहून त्या कळेचा क्रमांक पुढे पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर करण्याचे काम विंडोजसारख्या कार्यप्रणालीतल्या मांडणीचे. मी इन्स्क्रिप्ट वापरते. १९९१ च्या भारतीय मानकातली ही मांडणी स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला देते. तिच्यात इंग्रजी ‘व्ही’च्या कळेवर ‘न’ आहे आणि ‘डी’च्या कळेवर हलन्त. ‘डी’ रुसली की ‘सत्य’चे ‘सतय’ होते, जोडाक्षरे सुटी पडतात आणि लिहिणारा फॉन्टला दोष देत बसतो.

म्हणजे चूक चार थरांत होऊ शकते : हात, कळ, नियंत्रक आणि तारा, किंवा कार्यप्रणाली. दोष कुठे आहे हे एकदम सापडत नाही. तो कुठे नाही हे एकेका थराबद्दल ठरवत जावे लागते. त्यासाठी फार साहित्य लागत नाही. मी तीन परीक्षा केल्या.

पहिली परीक्षा भाषा बदलून. इंग्रजीत ‘व्ही’ शंभर वेळा दाबली आणि उमटलेली अक्षरे मोजली. नव्वदही भरली नाहीत आणि त्यांतही काही जोड्या होत्या. म्हणजे मराठीची मांडणी निर्दोष. दुसरी परीक्षा बाहेरचा कळफलक जोडून. भाचीचा यूएसबी कळफलक लावला, तीच कळ शंभर वेळा दाबली, शंभर उमटली. कार्यप्रणाली निर्दोष आणि माझे बोटही निर्दोष. तिसरी परीक्षा पडद्यावरच्या कळफलकाची. विंडोजमध्ये तो उघडून ठेवला की खरी कळ दाबल्यावर पडद्यावरची तीच कळ उजळते. काही दाबांना पडद्यावरची कळ उजळलीच नाही. दाब आतपर्यंत पोचतच नव्हता.

दुसऱ्या परीक्षेआधी एक साधी गोष्ट तपासून घ्यावी, नाहीतर निष्कर्ष फसतो. विंडोजमध्ये अपंगांच्या सोयीसाठी काही सवलती आहेत. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ‘फिल्टर कीज’ नावाची सवलत सुरू करण्याबद्दल विचारणा होते. ती सुरू झाली की झटकन दाबलेल्या कळा यंत्र मानतच नाही. शिफ्ट पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ पुढे येते. शब्द आठवेपर्यंत शिफ्टवर बोट टेकून बसण्याची सवय पुष्कळ लेखकांना असते, मलाही आहे. समोर आलेली चौकट न वाचता ‘होय’ म्हटले की कळफलक मेल्यासारखा वाटू लागतो आणि दुरुस्तीचा खर्च नाहक होतो. माझ्याकडे दोन्ही सवलती बंद होत्या.

शेजार दोन प्रकारचा

कळ बिघडली हे ठरले. का बिघडली? वहीतल्या पहिल्या दोन रकान्यांकडे पुन्हा पाहिले. गळणारी किंवा दुबार पडणारी अक्षरे अशी : न, म, व, ल आणि अनुस्वार. वर्णमालेत ती विखुरलेली आहेत आणि मोडीतही त्यांचे एकमेकींशी काही नाते नाही. पण कळफलकावर बोट फिरवले आणि उलगडा झाला. अनुस्वार, म, न, व, ल ही इन्स्क्रिप्टमधल्या सर्वांत खालच्या अक्षर-ओळीतली, ओळीने शेजारी बसलेली अक्षरे.

इथे एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कळांचा शेजार दोन प्रकारचा असतो. एक डोळ्यांना दिसणारा आणि दुसरा आतल्या तारांचा. एखादी तार तुटली किंवा लॅपटॉपच्या आतली पट्टीसारखी केबल सैल झाली, तर त्या तारेवरच्या सगळ्या कळा एकदम जातात. पण वरून पाहता त्या विखुरलेल्या असू शकतात. उलट, दिसण्यात शेजारी असलेल्या कळा एकत्र बिघडल्या, तर कारण बहुधा त्या जागेवरचे असते. चहा सांडलेला असतो, कण अडकलेला असतो किंवा तिथे कसला तरी दाब असतो. एकच कळ दोनदा उमटू लागली, तर तिचा स्पर्श झिजला असे समजावे. कोणताही धातूचा किंवा पापुद्र्याचा स्पर्श जुळताना क्षणभर थरथरतो. नियंत्रक ती थरथर काही मिलिसेकंद थांबून दुर्लक्षित करतो. झिजलेल्या कळेची थरथर त्याहून लांबते आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात.

माझ्याकडे चहा सांडला नव्हता. पाच-पाच कळा एकदम झिजणेही संभवत नव्हते. मग त्या ओळीवर दाब कसला?

माऊसवरचा आळ

तिसरा रकाना राहिला होता : भलत्या जागी गेलेला मजकूर, उड्या मारणारा कर्सर, अडखळणारा माऊस. हे सगळे मी ‘माऊस बिघडला’ या एका नावाखाली टाकले होते. तिथेच चुकले.

पहिला माऊस लाकडी ठोकळ्याचा होता. डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना बिल इंग्लिश यांनी प्रत्यक्षात आणली आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे दाखवला गेला. त्याच्या पोटात काटकोनात बसवलेली दोन चाके होती. आजच्या माऊसच्या पोटात बारीकसा कॅमेरा असतो आणि तो खालच्या पृष्ठभागाची चित्रे झपाट्याने टिपून किती सरकलो ते ताडतो. म्हणूनच तो काचेच्या टेबलावर गोंधळतो आणि भोकात केस अडकला तरी पडद्यावर बाण थरथरतो. पण एक गोष्ट तेव्हापासून तीच आहे. बाण पडद्यावर कुठे आहे हे माऊसला ठाऊक नसते. तो फक्त ‘इतके उजवीकडे, इतके वर’ एवढेच सांगतो. त्यामुळे बाण चुकीच्या जागी दिसला की माऊस दोषी, असे म्हणता येत नाही.

काही वेळा तर माऊसच्या नावावर कळफलकाचे गुन्हे खपतात. चाक फिरवल्यावर पान सरकण्याऐवजी अक्षरे लहान-मोठी होऊ लागली, तर कंट्रोलची कळ अडकली आहे. एका जागी क्लिक केल्यावर मधला सगळा मजकूर निवडला जाऊ लागला, तर शिफ्ट अडकली आहे. त्या कळा दोन-चारदा दाबून सोडल्या की बहुधा माऊस ‘बरा’ होतो.

मी माऊस बाजूला ठेवला, त्याचा यूएसबी रिसीव्हर काढला आणि दोन दिवस तसेच काम केले. अडखळणे थांबले, पण कर्सरच्या उड्या चालूच राहिल्या. एका घरात दोन चोर होते!

पहिला चोर लवकर सापडला. बिनतारी माऊस फक्त हार्ड डिस्कवर नकला उतरवतानाच अडखळत होता. यूएसबी ३ च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका बिनतारी माऊसच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ साली त्यावर टिपण प्रसिद्ध केले आहे. डिस्क आणि रिसीव्हर मी शेजारी-शेजारी लावत होते. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावला, प्रश्न मिटला.

उड्यांचा संशय आता टचपॅडवर आला. टचपॅडच्या खाली विद्युतवाहक रेघांची जाळी असते. बोट जवळ आले की तिथली विद्युतधारकता बदलते आणि बोटाची जागा कळते. बोट आणि तळहाताची कड यांत तो फरक करू पाहतो, पण फसतोही. टंकताना अंगठा घासला तर त्याला तो क्लिक वाटतो, कर्सर तिकडे जातो आणि पुढचे शब्द तिथे उमटतात. घामाने किंवा पावसाळी दमटपणाने ओलसर झालेले बोट त्याला आणखी गोंधळवते. चार्जरचाही परिणाम होतो. घरात अर्थिंग धड नसेल, तर चार्जरचा गोंगाट टचपॅडपर्यंत पोचतो. लॅपटॉपच्या धातूच्या भागावर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील, तर ही शक्यता आधी पाहावी. परीक्षा सोपी आहे. चार्जर काढून बॅटरीवर काम करायचे. आमचे घर जुने, वायरिंगही जुने, म्हणून मला हेच कारण वाटले. चार्जर काढला. उड्या तशाच.

डुगडुगणारा लॅपटॉप

उत्तर मिळाले ते टेबल पुसताना. लॅपटॉप उचलून परत ठेवला तर तो डुगडुगला. टेबल वाकडे असेल म्हणून जमिनीवर ठेवला, तिथेही तेच. आडव्या नजरेने पाहिले, तेव्हा टचपॅडची एक कड वर उचललेली दिसली. आणि टचपॅडला लागून वरची ओळ कोणती? स्पेसबार, आणि तिच्यावर अनुस्वार, म, न, व, ल.

लॅपटॉप तसाच पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने तो हातात घेताच विचारले, “काकू, हा आत्ता चालू आहे का?”

“हो, फक्त झाकण मिटलंय.”

“आधी पूर्ण बंद करू. बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका आता अजिबात.”

झाकण काढल्यावर उशीसारखी टम्म फुगलेली बॅटरी दिसली. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा सतत पूर्ण भारून चार्जरला लावलेलीच राहिली की आतल्या रसायनांचे विघटन होऊन वायू धरतो. बॅटरीचे पाकीट बंद असल्यामुळे तो बाहेर पडत नाही, पाकीटच फुगते. नव्या घडणीच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतात त्या भागाखाली असते, म्हणून ती फुगली की वर टचपॅड आणि कळफलकाची खालची कड उचलते. टचपॅडला खालून दाब बसतो आणि कोणी क्लिक केले नसताना क्लिक होते. कळांखालचा पत्रा बाकतो, काही दाब पोचत नाहीत, काही दोनदा पोचतात. माझे तीनही रकाने एका ठिकाणी येऊन मिळाले.

खानदेशातला उन्हाळा आणि रात्रंदिवस लावलेला चार्जर, दोष दोघांचा. पण खरा धोका अक्षरांपुरता नव्हता. फुगलेली बॅटरी फुटली किंवा तिला भोक पडले, तर ती पेट घेऊ शकते. टचपॅड वर आलेला दिसला की तो दाबून बसवू नये, लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि जाणत्याकडे न्यावा. ‘एवढी नक्कल उतरवून घेते’ म्हणून चालू ठेवू नये. डिस्क बाहेर काढून मजकूर नंतरही मिळतो. मला मिळाला. जुनी बॅटरीही घरच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. दोन महिने ते पाकीट माझ्या मनगटांखाली होते, हे कळल्यावर मी काही वेळ दुकानातल्या बाकावर बसूनच राहिले.

नकलेची दुरुस्ती

यंत्र दुरुस्त झाले, नक्कल व्हायची होती. इथे चुकीची जात ठाऊक असण्याचा उपयोग झाला. हार्ड डिस्कवरच्या तारीखवार नकलांवरून खोड केव्हा सुरू झाली ते कळले. त्याआधीची पाने बाजूला काढली. उरलेल्यांत गळालेल्या ‘न’चा एक माग सापडला. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, शब्द तोडून मी टंकते. सुटा ‘न’ उमटला नाही, तरी त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा उमटतात. म्हणून एकापाठोपाठ आलेल्या दोन मोकळ्या जागा संगणकाला शोधायला लावल्या. सुटे ‘न’ नऊ ठिकाणी गळाले होते. शब्दांच्या पोटातली अक्षरे मात्र अशी सापडत नाहीत. त्यासाठी जुनाच मार्ग धरला. भाचीने नक्कल मोठ्याने वाचायची आणि मी मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. सहा आठवडे लागले.

आप्पांना फोन मात्र त्याआधीच केला होता. चूक सांगितली, कारणही सांगितले. बॅटरी फुगली म्हणून निवाडा फिरला, हे सांगताना माझे मलाच विचित्र वाटत होते.

“म्हणजे ताई, त्या साली आमच्या फडाला पाणी नव्हतं?”

“त्या साली नव्हतं, आप्पा.”

बराच वेळ ते बोलले नाहीत. अर्ज गेला होता का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. मग तेच म्हणाले, “कागद अजून दिला नाही आम्ही. दुरुस्त करून आणा. आणि पुढच्या सालचे कागद आहेत ना तुमच्याकडे? ते वाचा.”

ते कागद आता वाचते आहे. पाळी पुढे बदलली की नाही, हे अजून हाती लागलेले नाही. टंकायला बसण्यापूर्वी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बोटाने हलवून पाहते, तो डुगडुगत नाही ना. मग खालच्या ओळीतली प्रत्येक कळ दहा वेळा दाबते आणि उमटलेली अक्षरे मोजते. मोजणी जुळली की मूळ कागद पुढे ओढते.